साहेब दौऱ्यावर आहेत

गँडाल्फ नेमकं करतो काय, हे मला कुणीतरी एकदा बसवून समजावून सांगावं.

दाढी आहे. काठी आहे. टोपी अशी की दुरूनच ओळखू यावी. घोडा तर इतका उमदा की स्वाराला सोडून त्यालाच नमस्कार करावासा वाटतो. पण काम? टॉल्किनच्या ‘द हॉबिट’मध्ये (१९३७) हे मांत्रिक गृहस्थ तेरा बुटके आणि बिल्बो नावाचा एक हॉबिट गोळा करतात, ड्रॅगनच्या तोंडी जायची मोहीम ठरवतात, आणि मर्कवुडचं घनदाट अरण्य समोर आलं की सांगतात, मला दक्षिणेकडे महत्त्वाचं काम आहे. मग राक्षसी कोळी, एल्फांची कैद, खुद्द ड्रॅगन, सगळं त्या हॉबिटाच्या गळ्यात. साहेब उगवतात ते लढाई तोंडावर आल्यावर, आणि तेही सगळं आपल्या अंदाजाप्रमाणेच झालं अशा चेहऱ्याने.

त्याआधी तीन ट्रोलांनी बुटक्यांना पोत्यांत कोंबलं होतं, तेव्हा त्यानेच सोडवलं, हे खरं. पण कसं? झाडाआड लपून ट्रोलांच्या आवाजांची नक्कल केली, तिघांना आपसात भांडायला लावलं आणि उजाडेपर्यंत भांडण पेटतं ठेवलं. ऊन पडलं, ट्रोल दगड झाले. यात जादू कुठे आली? एवढं तर आमच्या गल्लीच्या गणेशोत्सवात नकला करणारा मुलगाही करील, आणि नारळावर भागवील. लांडग्यांवर एकदा पेटती फळं फेकली, ती मात्र जादू होती. पण ती फेकली झाडाच्या शेंड्यावर बसून. मग खालची झाडं पेटली, साहेब वरच अडकले आणि सोडवायला गरुड आले.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या मोठ्या ग्रंथात प्रवेश होतो तो फटाके घेऊन, बिल्बोच्या एकशे अकराव्या वाढदिवसासाठी. पुढे मोरिया नावाच्या भुयारांच्या बंद दारापाशी सगळी मंडळी थांबतात. परवलीचा शब्द दाराच्या कमानीवरच लिहिलेला असतो. साहेब ठाऊक होते नव्हते तेवढे मंत्र म्हणून पाहतात, काठी आपटतात, चिडतात, खाली बसतात. मागच्या तळ्यातून काहीतरी वळवळत वर येत असतं, आणि साहेब अजून शब्दार्थावर. नाही म्हणायला आत गेल्यावर एका पुलावर बाल्रॉग नावाच्या राक्षसाशी तो खरोखर लढतो. एकदाच मन लावून काम केलं आणि त्यात जीव गेला. मग करड्याचा पांढरा होऊन परत आला. मृत्यूनंतर बढतीची नोंद असलेलं दुसरं सेवापुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

टॉल्किनने याची सबब परिशिष्टात लिहून ठेवली आहे. या मांत्रिकांना वरूनच आदेश होता की खलनायक सॉरॉनच्या ताकदीला ताकदीने उत्तर द्यायचं नाही, धाक दाखवून कुणाला वळवायचं नाही. थोडक्यात, मार्गदर्शन करा. असे पाच जण पाठवले होते. एक फितूर झाला, एक पशुपक्ष्यांत रमला, आणि दोघं निळे झगे घालून पूर्वेकडे गेले ते गेलेच. मार्गदर्शनपर पदं निर्माण केली की यापेक्षा वेगळं काही होत नाही.

लेखकाची अडचण मला कळते. सर्वशक्तिमान माणूस कथेत आणला आणि त्याने शक्ती वापरली, तर विसाव्या पानावर पुस्तक संपेल. प्रकाशक काय म्हणेल? म्हणून कथेतल्या मांत्रिकाचं खरं काम म्हणजे जादू न करणं. त्याला सगळं ठाऊक असतं. तो सांगत नाही, करत नाही, आणि ऐनवेळी जागेवर नसतो. पंधराव्या शतकातला मॅलरी तर या बाबतीत अगदी सरळ. राजा आर्थरची गोष्ट नीट सुरू होते न होते तोच मर्लिन एका तरुणीच्या नादी लागतो, तिला सगळी विद्या शिकवतो, आणि ती त्यालाच शिळेखाली बंद करून निघून जाते. पुढे लान्सलॉटचं प्रकरण, घरातली फितुरी, राज्याचा सत्यानाश, सगळं मर्लिनशिवाय. आपलं असं होणार हे त्याला आधीच माहीत होतं, म्हणे. माहीत असतंच. यांना कायम माहीत असतं.

हॅरी पॉटरच्या हेडमास्तर डंबलडोरचं तेच. रोलिंगबाईंच्या पहिल्या पुस्तकाच्या (१९९७) शेवटी अकरा वर्षांचा पोर दवाखान्यात पडल्या पडल्या विचारतो, हा व्होल्डेमॉर्ट माझ्या जिवावर का उठलाय? उत्तर मिळतं, वेळ आली की सांगेन. ती वेळ पाचव्या पुस्तकाच्या शेवटी येते. तेही जवळचा माणूस गमावून पोर हेडमास्तरांच्या खोलीतल्या वस्तू फोडायला लागल्यावर. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला असता तर याहून लवकर निकाल लागला असता.

त्याच शाळेत तिसऱ्या पुस्तकात हर्मायनीला काळ मागे नेणारं यंत्र दिलं जातं. कशासाठी, तर वेळापत्रकात दोन तास एकाच वेळी येतात म्हणून. एवढं भयंकर हत्यार एका मुलीच्या गळ्यात, आणि उपयोग हजेरीपटापुरता. मागे जाऊन व्होल्डेमॉर्टच्या आईबापांच्या लग्नात मोडता घालावा, हे शाळेत कुणालाच सुचत नाही. आपल्याकडे कुठल्याही आत्याबाईने ते आनंदाने केलं असतं. वाचकांना सुचायला लागलं असणार, कारण पाचव्या पुस्तकातल्या मारामारीत जादू मंत्रालयातला त्या यंत्रांचा सगळा साठा फुटून जातो. मंत्रालयात जपून ठेवलेली वस्तू गरजेच्या वेळी हाती लागत नाही, हे आपल्याला नवीन नाही.

आता जरा बायकांकडे वळू.

चेटकिणीला ही कुठलीही सवलत नाही. तिला आदेश नाही, परिशिष्ट नाही, दक्षिणेकडे महत्त्वाचं काम नाही. ती पहिल्या पानापासून राबते. ग्रिमबंधूंच्या १८१२ च्या संग्रहातली हान्सेल-ग्रेटेलची म्हातारी पाहा. डोळ्यांनी अधू. त्या अवस्थेत तिने जंगलात एकटीने घर उभारलं. भिंती पावाच्या, छप्पर केकचं, खिडक्या साखरेच्या. देखभालीचा नुसता विचार करा! एक वळीव पडला की सगळं पुन्हा मळायला घ्यायचं. मग ती हान्सेलला कोंडते आणि चार आठवडे उत्तमोत्तम शिजवून खाऊ घालते. चार आठवड्यांच्या किराण्यात कितीशी वाढ होणार त्या पोराच्या अंगावर? हिशेबाला कच्ची, पण कामाला वाघीण. शेवटी स्वतः तापवलेल्या भट्टीत स्वतःच ढकलली जाते, आणि तिची मोत्या-माणकांची पुरचुंडी घेऊन मुलं घरी जातात. कुठल्या घरी? ज्या बापाने त्यांना रानात नेऊन सोडलं त्याच्याच. बायकोचं ऐकून सोडलं, एवढीच त्याची बाजू. ती बायको पहिल्या आवृत्तीत सख्खी आई होती. वाचणाऱ्यांना ते सोसेना म्हणून पुढे एका आवृत्तीत सावत्र केली. बाप मात्र सर्व आवृत्त्यांत सुखाने नांदतो.

पण साहेब आणि कामकरी बाई यांचा हिशेब जितका उघडा फ्रँक बॉमने मांडला तितका कुणीच नाही, आणि तेही लहान मुलांसाठी. ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’, १९००. शीर्षकातच साहेब. पाचूनगरीत त्याचं राज्य. नगरी हिरवीगार दिसते, कारण वेशीवर प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरव्या काचांचा चष्मा चढवून मागून कुलूप लावतात. नगरी खरी कशी आहे, ते चष्मा काढल्याशिवाय कळत नाही, आणि चष्मा काढायला साहेबांची मनाई. (या युक्तीचे हक्क बॉमच्या वारसांनी वेळीच नोंदवले असते, तर आज निवडणुकीच्या हंगामात घरबसल्या मिळकत झाली असती.) वादळाने उडून आलेली डोरोथी त्याच्याकडे मागते एवढंच, की मला कॅन्ससला घरी पोचवा. साहेब अट घालतात, आधी पश्चिमेच्या चेटकिणीला मारून ये. लहान मुलीला! त्याला स्वतःला तिची भीती वाटते म्हणून.

आणि ती पश्चिमेची बाई? तिला एकच डोळा, पण तो दुर्बिणीसारखा. अंधाराला भिते, पाण्याला भिते, तरी कामात खंड नाही. डोरोथीची टोळी हद्दीत शिरल्यापासून ती एकेक फौज धाडते. चाळीस लांडगे, चाळीस कावळे, काळ्या मधमाश्यांचा थवा, मग भाले घेतलेले विंकी लोक, आणि शेवटी उडती माकडं. ती माकडं तिला तीनदाच बोलावता येत होती आणि त्यातली ही शेवटची खेप. म्हणजे बाईने गंगाजळीही काढली. एवढं करून हाती काय आलं? डोरोथीचा एक बूट तिने हिसकावला म्हणून चिडून मुलीने बादलीभर पाणी फेकलं आणि ती विरघळली. मुलीने मग सांडलेलं दाराबाहेर झाडून काढलं.

डोरोथी परत येते तेव्हा पडद्याआडून साहेब सापडतात. ओमाहाचा बुटका, टकला म्हातारा, जत्रेत फुगे उडवणारा, आवाज काढणारा. जादू शून्य. पण उघडा पडल्यावरही खुर्चीला चिकटून कसं राहावं, याचा वस्तुपाठ बघा. बुद्धी मागणाऱ्या बुजगावण्याच्या डोक्यात तो कोंडा, टाचण्या आणि सुया भरतो. हृदय मागणाऱ्या टिनाच्या लाकूडतोड्याला भुसा भरलेली रेशमी उशी देतो. धैर्य मागणाऱ्या सिंहाला काहीतरी पाजतो. तिघेही खूश. डोरोथीला मात्र टाचण्यांनी घरी नेता येत नाही, म्हणून साहेब फुगा बांधतात, आणि दोर तुटून एकटेच उडून जातात. वर गेल्यावर सांगतात, मला खाली येता येत नाही.

तिला घरी कोण पोचवतं? ग्लिंडा, दक्षिणेची चेटकीण. ती सांगते, पोरी, तुझ्या पायातले हे रुपेरी बूट तुला पहिल्याच दिवशी घरी घेऊन गेले असते. हे बूट पूर्वेच्या मेलेल्या चेटकिणीचे. म्हणजे अख्ख्या पुस्तकात जी काही जादू आहे ती बायकांच्या हातात, नाहीतर पायात. आणि शीर्षकात नाव फुगेवाल्याचं.

पुढची गंमत तर पुस्तकाबाहेरची आहे. १९३९ च्या चित्रपटात पश्चिमेच्या चेटकिणीचं काम मार्गारेट हॅमिल्टनने केलं. धुरात गडप व्हायच्या प्रसंगात आगीचा भपका वेळेआधीच उठला आणि तिचा चेहरा आणि हात भाजले. हिरव्या रंगात तांबं होतं, ते भाजलेल्या कातडीवरून काढावं लागलं. काही आठवड्यांनी ती कामावर परत आली. भूमिकेत शिरणं म्हणतात ते हेच असावं.

कुणी म्हणेल, शेक्सपिअरचा प्रॉस्पेरो तर काम करतो. करतो कसला, करवून घेतो. ‘द टेंपेस्ट’मध्ये (साधारण १६११) वादळ उठवणं, माणसं झोपवणं, जहाज सुखरूप लपवणं, सगळं एरियल नावाच्या वायुरूप नोकराकडून. एरियलला पूर्वी सायकोरॅक्स नावाच्या अल्जीयर्सच्या चेटकिणीने पाइनच्या खोडात बारा वर्षं कोंडलं होतं. केवढी दुष्ट! प्रॉस्पेरोने त्याला सोडवलं. केवढा थोर! मग एरियल आपल्या सुटकेची आठवण करून देतो तेव्हा प्रॉस्पेरो म्हणतो, कुरकुर केलीस तर ओकच्या खोडात बारा हिवाळे ठोकून ठेवीन. पाइन आणि ओक, फरक एवढाच. पण सायकोरॅक्सला रंगमंचावर येऊन आपली बाजू मांडायची सोय नाही. नाटक सुरू व्हायच्या आधीच ती मेलेली आहे.

हे सगळं लेखकांच्या डोक्यातून निघालं असं समजून त्यांना झोडपणं सोपं आहे. पण त्यांनी आजूबाजूला पाहूनच लिहिलं. इंग्लंडात जॉन डी नावाचा गणिती होता. तो काचेच्या गोळ्यातून देवदूतांशी संवाद साधायला बसायचा. त्याने मुहूर्त काढून दिला आणि एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक १५ जानेवारी १५५९ ला झाला. मॉर्टलेकच्या त्याच्या घरी देशातल्या मोठ्या ग्रंथसंग्रहांपैकी एक होता. म्हातारपणी हलाखी आली, पण गेला तो आजारी म्हातारे जातात तसाच. त्याच काळात शेजारच्या स्कॉटलंडमध्ये अ‍ॅग्नेस सॅम्पसन नावाची सुईण होती. झाडपाला द्यायची, बाळंतपणं करायची. डेन्मार्कहून राणी आणताना राजा जेम्सच्या जहाजांना वादळ लागलं, आणि ते हिच्यासारख्यांनी उठवलं असं ठरलं. राजाने स्वतः तिची चौकशी केली. तिचे केस भादरले, छळ केला, कबुली घेतली, आणि १५९१ च्या जानेवारीत तिला गळा आवळून मारून जाळलं. त्या खटल्यांत एक शाळामास्तरही मेला, पुरुष सुटले असं नाही. पण राजदरबारी मुहूर्त काढणारे कधी त्या यादीत दिसत नाहीत. राजाने पुढे १५९७ मध्ये चेटकावर ग्रंथ लिहिला, मग इंग्लंडच्या गादीवर बसला, आणि शेक्सपिअरच्या नाटकमंडळीला त्याचा राजाश्रय मिळाला. ‘मॅकबेथ’मधल्या तीन चेटकिणी आल्या त्या त्यानंतर. त्यांनी मॅकबेथला फक्त भविष्य सांगितलं. खून त्याचा त्याने केला. नाव कुणाचं झालं ते विचारू नका.

आपण यावर नाक मुरडायचं कारण नाही. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्या व्यक्तीवर करणीचा ठपका ठेवून तिचं जगणं अवघड करणं हा गुन्हा आहे, असं त्यात छापून सांगावं लागलं.

गोष्टींत मात्र आपले जुने लोक साहेबांना इतके भीत नव्हते. वेताळाच्या कथा ‘चांदोबा’त वाचलेल्यांना विक्रम आणि त्याच्या खांद्यावरचं प्रेत आठवतं, पण ते प्रेत मागवलं कुणी, हे विसरायला होतं. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त तो एक भिक्षू आहे. राजाला रोज फळ आणून देणारा, फळात रत्न घालणारा. नंतर मध्यरात्री स्मशानात बोलावून म्हणतो, त्या झाडावरचं प्रेत तेवढं आण. राजा अंधारात हेलपाटे घालतोय, खांद्यावरचं भूत त्याला कोडी घालतंय, आणि हा मंडल आखून बसून राहिलाय. शेवटी तो राजाला म्हणतो, साष्टांग नमस्कार घाल. राजा म्हणतो, मला येत नाही, तुम्ही दाखवा. साहेब आडवे होतात आणि राजा त्यांची मान उडवतो. वेताळाने दिलेला हा सल्ला मर्कवुडच्या वेशीवर बिल्बोला कुणी दिला असता तर!

महाभारतातही तेच गणित, पण जरा उलटं. संजीवनी विद्या असुरांच्या शुक्राचार्यांकडे. ते ती वापरतात, मेलेले असुर रोज उठवतात. देवांच्या बृहस्पतींकडे विद्याच नाही, मग तरुण पोराला, कचाला, शत्रूच्या घरी शिकायला पाठवतात. असुर त्याला मारून लांडग्यांना घालतात, मग वाटून समुद्रात कालवतात, मग जाळून राख मद्यातून गुरूलाच पाजतात. दर वेळी गुरूची मुलगी देवयानी रडून बापाकरवी त्याला उठवते. आणि एवढं सोसून विद्या घेऊन निघताना तिला नकार दिला म्हणून शाप पदरात: तुला ती फळणार नाही. कच म्हणतो, मी ज्याला शिकवेन त्याला फळेल. झाला! विद्या आहे, वापरायची नाही, दुसऱ्याला शिकवायची. गँडाल्फच्या नेमणुकीचा मसुदा इथूनच गेला असावा.

पाश्चात्यांत दोघांनी ही मेख ओळखली. टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्डमध्ये मांत्रिकांचं आख्खं विद्यापीठ आहे, आणि तिथली मुख्य विद्या म्हणजे जेवण. गावोगावी जाऊन बाळंतपणं आणि मरणं निभावतात त्या चेटकिणी. अर्सुला ली ग्विनने अर्थसीच्या पहिल्या पुस्तकात (१९६८) बायकांच्या जादूला हिणवणारी म्हण घातली होती. ती तिला बहुधा टोचत राहिली असावी, कारण १९९० मध्ये ‘तेहानू’ लिहून तिने हिशेब चुकता केला. त्यात महामांत्रिक गेडची विद्या संपलेली आहे. मग तो काही हातातलं काम करतो. शेळ्या राखतो, आणि रात्री घरावर चालून आलेल्या गुंडाला दाताळ्याने भोसकतो.

आता नवीन फॅशन आली आहे, चेटकिणीला न्याय द्यायची. ग्रेगरी मॅग्वायरची ‘विकेड’ कादंबरी १९९५ ची, तिच्यावरून २००३ मध्ये संगीतिका, २०२४ मध्ये चित्रपट. मधे २०१४ ला ‘मॅलेफिसेंट’. कळतं आपल्याला की ती वाईट नव्हतीच. तिला लहानपणी चिडवलं, प्रेमात फसवलं, रंगावरून हिणवलं. हेतू चांगला आहे. पण न्याय मिळाला की बाईंचं काम सुटतं. त्या उदास होतात, कड्यावर उभ्या राहून गातात, आणि जादू बेतानेच करतात. म्हणजे त्यांनाही बढती मिळाली आणि त्याही दौऱ्यावर गेल्या.

रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तल्या चेटकिणीला असल्या न्यायाची गरज पडली नाही. आधी दिलीप प्रभावळकरांनी ती केली. तेच पुढे ‘झपाटलेला’त (१९९३) तात्या विंचू झाले, यावरून बाईंचा वट कळावा. मग २०१८ च्या नव्या प्रयोगात वैभव मांगले. दोन्ही वेळा पुरुषांनीच, हा टोमणा मी मारून ठेवतो आणि पुढे जातो. या चेटकिणीला दुःखी बालपण नाही, समजूतदार बाजू नाही. ती रंगमंचावर येते, हसते, आणि पहिल्या रांगेतलं पोर आईच्या कुशीत शिरून एका डोळ्याने बघत राहतं. नाटकाला नाव मुलाचं आहे. पण तिकिटाच्या खिडकीवर उभं राहून, या खेपेला अलबत्या कोण करतंय, असं विचारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.